वन सरकारचे, वाट कुणाची?

इंग्लंडमधील सर्वांत मोठे वन हे निसर्गाने नव्हे, तर सरकारने शंभर वर्षांपूर्वी लाकडासाठी उभारलेले आहे. आज तेच वन पदभ्रमण करणाऱ्यांचे आवडते ठिकाण झाले आहे. मात्र सरकारी मालकीचे वन आपोआप लोकांचे होत नाही. ते लोकांचे कसे झाले आणि तसे टिकवण्यासाठी काय करावे लागते, याचा धडा कील्डरच्या इतिहासात आहे.

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात, स्कॉटलंडच्या सीमेला लागून कील्डरचे वन पसरले आहे. न्यूकॅसल शहरातून मोटारीने तेथे पोहोचायला सुमारे दीड तास लागतो. सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच वाहनतळ भरू लागतो. मोटार उभी करण्याचे शुल्क भरावे लागते. वनात पायी शिरण्यासाठी मात्र तिकीट नाही, परवाना नाही. रंगीत खुणांचे खांब वाट दाखवतात. दोन्ही बाजूंना स्प्रूसची सरळसोट झाडे इतकी दाट उभी असतात, की भर दुपारीही खाली संधिप्रकाश वाटावा. अर्ध्या तासाच्या चालीनंतर एखाद्या वळणावर हे वन अचानक संपते. समोरचा सारा उतार उघडाबोडका असतो. जमिनीवर बुंधे, फांद्यांचा कचरा, रस्त्याकडेला रचलेले ओंडके आणि 'तोडीचे काम सुरू आहे, वाट वळवली आहे' असे सांगणारा फलक.

पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला येथे धक्का बसतो. ज्या झाडांच्या सहवासासाठी इतक्या लांब यायचे, तीच कुणी तोडून टाकली आहेत, ही जाणीव अस्वस्थ करणारी असते. 'सरकारच वनांची नासधूस करते' ही तक्रार ब्रिटनमधील वनखात्याला नवी नाही. परंतु या तक्रारीमागे एक गैरसमज आहे. कील्डर हे मूळचे अरण्य नव्हेच. ते एक पीक आहे. ऊस वर्षा-दीड वर्षात तोडणीला येतो, येथील स्प्रूस चाळीस ते साठ वर्षांत, एवढाच फरक. पदभ्रमण करणारा ज्याला वन समजतो, ती प्रत्यक्षात वेगवेगळ्या वयाच्या पिकांची एक विशाल शेती आहे.

टेकूंसाठी लावलेले वन

या शेतीचा उगम पहिल्या महायुद्धात आहे. त्या काळी ब्रिटनच्या एकूण भूमीपैकी जेमतेम पाच टक्क्यांवर वने उरली होती. देश लाकडासाठी आयातीवर अवलंबून होता. जर्मन पाणबुड्यांनी सागरी वाहतूक रोखली तेव्हा केवळ जहाजेच नव्हे, कोळसाखाणीही अडचणीत आल्या, कारण खाणीतील बोगद्यांना आधार देणारे लाकडी टेकू बाहेरून येत असत. कोळसा नाही तर कारखाने नाहीत आणि कारखाने नाहीत तर युद्ध नाही, असे ते साधे गणित होते. युद्ध संपताच १९१९ मध्ये संसदेने कायदा करून 'फॉरेस्ट्री कमिशन' ही संस्था स्थापन केली. देशाला लाकडाचा राखीव साठा मिळवून देणे हे तिचे काम होते. लोकांना फिरायला जागा देणे हे त्यात कोठेही नव्हते.

कील्डर परिसरात १९२६ मध्ये लागवड सुरू झाली. ही भूमी ओलसर, थंड, वाऱ्याची आणि शेतीला जवळजवळ निरुपयोगी होती. मेंढ्यांची कुरणे आणि उमरावांची शिकारीची माळराने एवढाच तिचा उपयोग. कील्डरचा 'किल्ला' म्हणून ओळखली जाणारी वास्तू म्हणजे वस्तुतः नॉर्थम्बरलँडच्या ड्यूकने अठराव्या शतकात बांधलेले शिकारघर. १९३० च्या दशकात या घराण्यावरील मृत्युकराच्या व्यवहारातून मोठा भूभाग सरकारकडे आला. त्याच दशकात महामंदीने बेकार झालेल्या तरुणांच्या छावण्या येथे उभारण्यात आल्या आणि त्यांच्या श्रमांतून रस्ते व लागवडीची कामे झाली. वृक्ष निवडला गेला तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिटका स्प्रूस. डेव्हिड डग्लस या वनस्पतिसंग्राहकाने १८३१ मध्ये तो ब्रिटनमध्ये आणला होता. निकृष्ट, ओल्या मातीतही तो झपाट्याने वाढतो. आज कील्डरमधील सुमारे तीन चतुर्थांश झाडे याच जातीची आहेत आणि वनाचा विस्तार साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

इतिहासाचा विनोद असा, की ज्या टेकूंसाठी हा खटाटोप झाला, ती गरज वन तोडणीला येईपर्यंत विरून गेली. खाणींत पोलादी आधार आले, पुढे खाणीच बंद पडल्या. वनमजुरांसाठी दुसऱ्या महायुद्धानंतर वसवलेली गावेही ठरल्यापेक्षा लहानच राहिली, कारण यंत्रकरवतीने शेकडो हातांचे काम काही हातांवर आणले. याच खोऱ्यात १९८१ मध्ये पूर्ण झालेल्या प्रचंड जलाशयाची कथाही अशीच. तो टीसाइडच्या वाढत्या उद्योगांना पाणी पुरवण्यासाठी योजला होता. तो बांधून होईतो त्या उद्योगांची, विशेषतः पोलादाची, घसरण सुरू झालेली होती. आज त्याच जलाशयाभोवती सुमारे ४२ किलोमीटरची पायवाट आहे आणि २०१० पासून तेथे मॅरेथॉन भरते. योजना एका कारणासाठी झाल्या आणि उपयोग दुसऱ्याच कारणासाठी झाला. पण तो उपयोग होऊ शकला याचे कारण ही संपत्ती सार्वजनिक होती.

सरकारी म्हणजे लोकांचे?

तरीही 'सरकारी' आणि 'लोकांचे' हे शब्द एकाच अर्थाचे मानता येणार नाहीत. महाराष्ट्राला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सरकारी वनव्यवस्थेचे शास्त्र ब्रिटनने आधी स्वतःच्या भूमीवर नव्हे, तर हिंदुस्थानात राबवले. मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे ते अधीक्षक होते. हिंदुस्थानच्या वनखात्याचे प्रमुख राहिलेले विल्यम श्लिश यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे वनशास्त्राचे शिक्षण सुरू केले. ते शिक्षण होते हिंदुस्थानात पाठवायच्या अधिकाऱ्यांसाठी. ते १९०५ मध्ये ऑक्सफर्डला हलले आणि तेथे शिकलेल्यांत रॉय रॉबिन्सन हा ऑस्ट्रेलियन तरुण होता. पुढे फॉरेस्ट्री कमिशनचे अध्यक्षपद त्यांनी वीस वर्षे भूषवले आणि उमरावपद मिळाले तेव्हा आपल्या नावापुढे कील्डर वनाचे नाव जोडले. म्हणजे सह्याद्री आणि सातपुड्यातील राखीव वनांमागचा विचार आणि कील्डरच्या स्प्रूसमागचा विचार यांचे गोत्र एकच आहे.

त्या विचारात लोकांना स्थान किती होते? १८७८ च्या वन कायद्याने हिंदुस्थानातील गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, पानफुलांचे परंपरागत हक्क आक्रसले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले ते याचसाठी. इंग्लंडमध्ये परिस्थिती इतकी कठोर नव्हती, पण तेथेही सामान्य माणसाला रानावनात फिरण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. एप्रिल १९३२ मध्ये डर्बीशायरमधील किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो तरुण कामगारांनी जमीनमालकांची बंदी मोडून चढाई केली. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगात जावे लागले. शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेल्या माळरानावर पाऊल टाकणे हा तेव्हा गुन्ह्यासारखा मानला जाई.

वनखात्याचे दार हळूहळू उघडले. १९३५ पासून निवडक सरकारी वने 'वनोद्याने' म्हणून लोकांसाठी खुली होऊ लागली. १९५५ मध्ये कील्डरचा समावेश असलेले सीमावर्ती वनोद्यान निर्माण झाले. पण ही मुभा होती, हक्क नव्हता. खात्याने दिलेली परवानगी खाते मागे घेऊ शकत होते. खरा बदल घडवला तो २००० च्या 'ग्रामीण भाग व वावर हक्क' कायद्याने. डोंगर, माळराने आणि सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क त्याने दिला. वने त्यात आपोआप आली नाहीत. परंतु जमीनमालकाला आपली जमीन या हक्कासाठी कायमची समर्पित करण्याची सोय कायद्यात होती. फॉरेस्ट्री कमिशनने त्यानंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधील आपल्या पूर्ण मालकीच्या जवळजवळ सर्व वनजमिनी अशा समर्पित केल्या. हे समर्पण मागे घेता येत नाही आणि जमीन विकली तरी नव्या मालकावर ते बंधनकारक राहते. कील्डरमध्ये पायी शिरणाऱ्याला कुणी हटकत नाही, यामागे सरकारचा चांगुलपणा नव्हे, तर ही कायद्याची तरतूद आहे.

तीन आठवड्यांची लढाई

या तरतुदीची कसोटी २०११ मध्ये लागली. आर्थिक काटकसरीच्या धोरणाखाली तेव्हाच्या संयुक्त सरकारने इंग्लंडमधील सार्वजनिक वनांची मालकी सोडून देण्याचा प्रस्ताव मांडला. पंधरा टक्के वनजमीन विकण्याचे आधीच ठरले होते. उरलेल्यांपैकी ऐतिहासिक वने धर्मादाय संस्थांकडे द्यायची, लहान वने स्थानिकांनी घ्यायची आणि कील्डरसारखी मोठी व्यापारी सूचिपर्णी वने १५० वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने कंपन्यांना द्यायची, अशी ती योजना होती. २७ जानेवारीला त्यावर लोकमत मागवण्यास सुरुवात झाली. फिरण्याचा हक्क कायद्याने सुरक्षित आहे, मग चिंता कशाची, असा सरकारचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद कागदावर बिनतोड होता. प्रत्यक्षात तो लंगडा होता. कायद्याने दिलेला हक्क फक्त पायी चालण्याचा आहे. सायकल, घोडेस्वारी, वाहनतळ, स्वच्छतागृह, दिशादर्शक खांब, अपंगांसाठीच्या सपाट वाटा, वादळानंतर पडलेली झाडे हटवण्याचे काम यांपैकी कशाचाही त्यात अंतर्भाव नाही. लेक डिस्ट्रिक्टमधील एका लहानशा वनाचे उदाहरण त्या वेळी वारंवार दिले गेले. ते विकले गेल्यावर वाहनतळाच्या फाटकाला कुलूप लागले. वनात चालण्याचा हक्क शाबूत होता, फक्त तेथे पोहोचून मोटार उभी करायला जागा उरली नव्हती. शहरापासून दूर असलेल्या आणि सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असलेल्या कील्डरसारख्या ठिकाणी असे कुलूप हक्कालाच लागल्यासारखे असते.

लोकांनी हे ओळखले. इंटरनेटवरील एका निवेदनावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये स्थानिकांनी आंदोलन उभारले. विशेष म्हणजे सत्ताधारी हुजूर पक्षाचे पारंपरिक मतदारच त्यात मोठ्या संख्येने होते. १७ फेब्रुवारीला, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत, पर्यावरणमंत्री कॅरोलिन स्पेलमन यांनी संसदेत प्रस्ताव मागे घेतला आणि जाहीर दिलगिरी व्यक्त केली. लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वतंत्र समितीने जुलै २०१२ मध्ये अहवाल दिला. सार्वजनिक वने सार्वजनिकच राहावीत, अशी तिची ठाम शिफारस होती. सरकारने ती २०१३ मध्ये मान्य केली. त्यानंतर विभागणी होऊन स्कॉटलंड आणि वेल्समधील सरकारी वने वेगळ्या संस्थांकडे गेली. इंग्लंडमधील वने २०१९ पासून 'फॉरेस्ट्री इंग्लंड' या नावाने सांभाळली जातात. त्यांना वर्षाला वीस कोटींहून अधिक भेटी होतात, असा संस्थेचा अंदाज आहे.

करवतीचे अर्थशास्त्र

येथवरची कथा विजयाची आहे. परंतु विजयानंतरचा हिशेब अधिक अवघड आहे. वाटा, खांब आणि पूल फुकट राखले जात नाहीत. फॉरेस्ट्री इंग्लंडचा खर्च सरकारी अनुदान, पर्यटनातून मिळणारे उत्पन्न आणि लाकूडविक्री यांवर चालतो. कील्डरमधून दरवर्षी काही लाख घनमीटर लाकूड बाहेर पडते. ब्रिटन आजही आपल्या गरजेच्या सुमारे ८० टक्के लाकूड व लाकडी माल आयात करतो. तेव्हा येथील तोड थांबवली तर लाकडाची गरज थांबणार नाही. ती तोड दुसऱ्या कुठल्या तरी देशातील वनात होईल. उघडाबोडका उतार पाहून हळहळणाऱ्या पाहुण्याच्या पायाखालची वाट त्या उतारावरील ओंडक्यांच्या पैशांतूनही राखलेली असते.

मग निदान सरसकट तोड टाळून मधली मधली झाडे का काढू नयेत? हा प्रश्न रास्त आहे आणि काही वनांमध्ये तसे केलेही जाते. कील्डरमध्ये अडचण मातीची आहे. ओल्या, पीटयुक्त जमिनीत स्प्रूसची मुळे खोल जात नाहीत. झाडे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. विरळणी केली की वारा आत शिरतो आणि उरलेलीही उन्मळतात. नोव्हेंबर २०२१ मधील 'आर्वेन' वादळाने हे पुन्हा दाखवून दिले. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये वनांची मोठी हानी झाली आणि कील्डरही त्यातून सुटले नाही.

याचा अर्थ खात्याचे सारेच बरोबर होते असा नाही. एकाच जातीची, एकाच वयाची, चौकोनी कडांची लागवड हे पूर्वीच्या पिढीचे पाप आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत दलदलींवरही स्प्रूस लावला गेला. त्यामुळे पीटमध्ये हजारो वर्षे साठलेला कार्बन मोकळा होऊ लागला. आता काही ठिकाणी तीच झाडे काढून दलदली पूर्ववत केल्या जात आहेत. एकजातीय वनांना रोगाचा धोकाही मोठा असतो. २००९ मध्ये लार्च वृक्षांवर आढळलेल्या फायटॉप्थोरा रोगामुळे ब्रिटनमधील अनेक लोकप्रिय वनांतील लार्चची झाडे तोडावी लागली. २०१८ मध्ये केंट परगण्यात स्प्रूसची साल पोखरणारा भुंगेरा सापडला. मध्य युरोपात याच भुंगेऱ्याने स्प्रूसची विस्तीर्ण वने वाळवली आहेत. तो उत्तरेकडे सरकला तर कील्डरपुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहील. ब्रिटनच्या वनमानकांची ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेली आवृत्ती म्हणूनच एका जातीच्या झाडांची मर्यादा ७५ वरून ६५ टक्क्यांवर आणते.

दुसरीकडे, याच परकीय वृक्षांनी एका देशी जिवाला आसरा दिला आहे. इंग्लंडमधील लाल खारींपैकी सुमारे निम्म्या कील्डर परिसरात असल्याचे मानले जाते. अमेरिकेतून आलेली करडी खार रुंदपर्णी वनांत तिला हुसकावून लावते. स्प्रूसच्या बारीक बियांवर मात्र करडीचे भागत नाही. २००९ पासून येथे ऑस्प्रे हा मासे टिपणारा शिकारी पक्षीही घरटी करू लागला. 'देशी ते चांगले, परके ते वाईट' इतका सोपा निवाडा कील्डरला लावता येत नाही.

निर्णय कुणाचा?

आता दडपण वेगळ्या बाजूने येत आहे. वृक्षाच्छादन २०५० पर्यंत इंग्लंडच्या भूमीच्या साडेसोळा टक्क्यांवर नेण्याचे कायदेशीर उद्दिष्ट सरकारने ठरवले आहे. वनाने लाकूड द्यावे, कार्बन शोषावा, पूर रोखावेत, जैवविविधता सांभाळावी, शहरी माणसाच्या मनाला विसावाही द्यावा आणि शक्यतो आपला खर्च आपणच भागवावा, अशी अपेक्षा आहे. खर्च भागवण्याच्या दडपणाखाली वाहनतळांचे शुल्क वाढते, मैफली आणि सुट्टीतील लाकडी घरांना जागा मिळते. यात लगेच गैर काही नाही. परंतु ज्याच्यापाशी मोटार नाही, शुल्क भरण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी हे 'खुले' वन हळूहळू दूर जाते. २०११ मध्ये जे एका प्रस्तावाने साधले नाही, ते लहानसहान शुल्कांनी साधले जाऊ शकते आणि त्याविरुद्ध पाच लाख सह्या गोळा होत नाहीत.

फिरण्याच्या हक्काचा वाद इंग्लंडमध्ये मिटलेला नाही. कायद्याने मोकळेपणी फिरता येईल अशी भूमी देशाच्या सुमारे आठ टक्केच आहे, तर स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने हा हक्क जवळजवळ सर्वत्र दिला. डार्टमूरच्या माळरानावर तंबू टाकून राहण्याच्या हक्कासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले आणि मे २०२५ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला. अशा देशात सार्वजनिक सूचिपर्णी वनाचे महत्त्व त्याच्या सौंदर्यापेक्षा मोठे आहे. तेथे चालणारा हा कुणाचा पाहुणा नसतो. तो हक्कदार असतो. हक्कदाराला मात्र हिशेबही समजून घ्यावा लागतो. झाड तोडले म्हणून संतापणे सोपे आहे. कोणते झाड, कधी, कुणाच्या निर्णयाने आणि त्या पैशांचे काय झाले, हे विचारणे अधिक मोलाचे आहे. खासगी कंपनीला हा प्रश्न विचारता येत नाही. सरकारी खात्याला विचारता येतो, पण विचारला तरच त्याला उत्तर द्यावे लागते.

कील्डरच्या उघड्या उतारावर तोडीनंतर काही वर्षांत पुन्हा रोपे लावली जातात. या वर्षी लावलेली रोपे २०७० च्या सुमारास तोडणीला येऊ लागतील. तेव्हा ती लाकूड म्हणून विकली जातील, दलदलीला जागा करून देतील की भुंगेऱ्याने आधीच वाळवलेली असतील, हे आज सांगता येत नाही. त्या वेळी त्या वळणावर येणाऱ्या माणसाला वाट मोकळी मिळेल की फाटकाला कुलूप, हे मात्र झाडांवर अवलंबून नाही. ते आजच्या चालणाऱ्यांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.